सात दिवसांचा कागद: ज्येष्ठ सहभागींना हालचाल-संवेदकाचे निकाल परत देताना ठेवलेल्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

कामाची व्याप्ती ठरली. अभ्यास व्यायाम-वर्गाच्या परिणामाचा, दोन गटांचा. सत्तरीपुढचे सहभागी सात दिवस संवेदक, म्हणजे हालचाल नोंदणारं यंत्र, अंगावर लावतील. मोजणी संपल्यावर प्रत्येकाला स्वतःचा अहवाल मिळेल: पाठपोट छापलेला एक कागद आणि त्यानंतर एक फोन. ॲप नाही. ज्यांना फाइल हवी त्यांना तीच दोन पानं पीडीएफ म्हणून.

अहवाल द्यायचा का, यावर वाद नव्हता. अभ्यासाचे एकंदर निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय सहभागींना मिळायला हवा, हे वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत आहेच. स्वतःचे आकडे देणं ही त्यापुढची पायरी. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१८ मध्ये यावर स्वतंत्र अहवाल काढला. त्यातली आपल्या कामाची गोष्ट ही, की काय आणि कसं परत द्यायचं हे आराखडा लिहितानाच ठरवावं. आपण नेमके तिथेच आहोत, म्हणून ही वही आत्तापासून.

वेळ मात्र नीट ठरवावी लागली. सहा महिन्यांनी दुसरी मोजणी आहे. मधेच कागद हाती पडला तर माणूस जास्त चालायला लागू शकतो, आणि तसं झालं तर दुसऱ्या मोजणीत दिसलेला बदल व्यायाम-वर्गाचा की कागदाचा, हे कधीच कळणार नाही. म्हणून दोन्ही गटांना अहवाल दुसऱ्या मोजणीनंतरच. हे संमतीपत्रात साध्या वाक्यात आलं: ‘तुमचा अहवाल तुम्हाला दुसऱ्या मोजणीनंतर, साधारण सात महिन्यांनी मिळेल.’ ‘योग्य वेळी मिळेल’ हे वाक्य काढलं, कारण वाट पाहणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

संमतीपत्रात तीन चौकटी: हवा, नको, नंतर सांगतो. तिसरी चौकट निवडली असेल तर यंत्र परत घेताना पुन्हा विचारायचं. ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

यंत्राच्या पडद्यावर पावलं दिसत असतील तर तो पडदा बंद. आकडा डोळ्यांसमोर असला की पहिले दोन-तीन दिवस माणूस नेहमीपेक्षा जास्त हिंडतो.

९ जानेवारी

यंत्र कुठे लावायचं यावर अख्खा दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता. शरीरावरची जागा ठरली की अहवालात काय खरं लिहिता येईल तेही ठरतं.

कंबर: पट्ट्यावर, नितंबाच्या हाडावर. पावलांसाठी बरी. पण अंघोळीला काढलेला पट्टा परत लावायचा राहतो. सायकल जवळजवळ दिसत नाही. आणि मोठी अडचण अशी, की बसणं आणि निश्चल उभं राहणं यांतला फरक कंबरेला कळत नाही. यंत्र हालचाल ‘काउंट’ या एककात मोजतं; मिनिटाला १०० काउंटच्या खाली गेलं की ते ‘बैठं’ धरायची पद्धत आहे. म्हणजे ओट्यापाशी अर्धा तास उभी असलेली व्यक्ती कागदावर अर्धा तास बसलेली दिसते.

मांडी: पुढच्या बाजूला, मध्यावर, जलरोधक चिकटपट्टीखाली. मांडी आडवी म्हणजे बसलेला किंवा आडवा झालेला, मांडी उभी म्हणजे उभा किंवा चालणारा. बसण्याच्या वेळेसाठी याहून विश्वासू जागा नाही. अडचण त्वचेची. वय वाढतं तशी कातडी पातळ होते, आणि पट्टी ओढून काढली तर सालटं निघतं. पट्टी कोमट पाण्याने भिजवून, कातडी एका हाताने दाबून धरत, केसांच्या दिशेने हळू सोडवायची. तीन-चार दिवसांनी पट्टी बदलायची आणि जागा दोन बोटं सरकवायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे आधी विचारायचं.

मनगट: लोक ते काढत नाहीत, झोपेतही राहतं, त्यामुळे दिवस वाया जात नाहीत. ब्रिटनच्या यूके बायोबँकने २०१३ ते २०१५ मध्ये सुमारे एक लाख लोकांना मनगटावरचंच यंत्र सात दिवसांसाठी दिलं होतं. पण मनगट हाताची हालचाल मोजतं. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना ‘पावलं’ पडतात, आणि वॉकर धरून खरंच चालताना पडत नाहीत.

निर्णय: मांडी आणि मनगट, दोन्ही. बसणं, उभं राहणं आणि पावलं मांडीवरून. मनगट फक्त अंगावर किती वेळ होतं ते पडताळण्यासाठी आणि संशोधनाच्या विश्लेषणासाठी. अहवालात मनगटाचा एकही आकडा नाही.

पक्षाघात झालेल्यांना यंत्र बऱ्या बाजूच्या मांडीवर, आणि तसं नोंदवहीत लिहायचं. कंपवात असलेल्यांचं मनगटाचं विश्लेषण वेगळं ठेवायचं: विश्रांतीतली थरथर सेकंदाला ४ ते ६ वेळा होते, चाल साधारण दीड-दोन पावलांची, पण एकूण त्वरणाची बेरीज करताना दोन्ही एकाच पिशवीत पडतात.

१४ जानेवारी

चालून पाहण्याची चाचणी. जमिनीवर चिकटपट्टीने १० मीटरची रेघ, जाऊन-येऊन २० मीटर. एक जण हाताच्या मोजणीयंत्राने पावलं मोजतो, दुसरा व्हिडिओ फक्त पायांचा घेतो. पाच प्रकार: नेहमीची चाल, मुद्दाम संथ चाल, काठी, चाकांचा वॉकर, बिनचाकांचा वॉकर. प्रत्येक प्रकाराच्या चार फेऱ्या.

चाकांच्या वॉकरवर मनगटाचं यंत्र जवळजवळ गप्प होतं. हात दांड्यावर स्थिर, खाली पाय चालताहेत. हे अपेक्षितच होतं. नवीन कळलं ते बिनचाकांच्या वॉकरबद्दल. तिथे माणूस वॉकर उचलतो, पुढे ठेवतो, एक पाय टाकतो, दुसरा ओढून त्याला जुळवतो, थांबतो. मनगटाला त्यातलं एकच मोठं उचलणं दिसतं. मांडीला टाकलेलं पाऊल दिसतं, पण जुळवून घेतलेला पाय बऱ्याचदा पाऊल म्हणून धरला जात नाही, कारण ती हालचाल लहान आणि सावकाश असते. व्हिडिओ हळू करून पाहिला तेव्हा हे स्पष्ट झालं: ज्या पायावर यंत्र आहे तोच मागून ओढला जात असेल तर पावलं सर्वांत जास्त गळतात. यंत्र पुढे टाकल्या जाणाऱ्या पायावर लावलं तर चित्र सुधारतं. लावण्याच्या सूचनापत्रात ही ओळ आजच घातली.

संथ चालही अशीच गळते. सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली वेग गेला की बहुतेक यंत्रांची पावलं कमी पडू लागतात, आणि जितकं संथ तितकी गळती जास्त. घोट्यावर लावायची यंत्रं इथे सरस ठरतात, पण सात दिवस घोट्यावर ठेवायला सहभागी तयार होत नाहीत आणि पाय सुजत असतील तर ते योग्यही नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये मंद हालचालीसाठी वेगळी गाळणी चालू करता येते. ती लावली की संथ चालणाऱ्यांची पावलं वाढतात, पण खुर्चीतली चुळबूळही पावलांत येते. त्यामुळे ती काहींना लावायची आणि काहींना नाही, असं करता येणार नाही.

म्हणजे ज्यांना चालायला सर्वांत जास्त कष्ट पडतात, त्यांचेच कष्ट यंत्राला सर्वांत कमी दिसतात. हे न सांगता कागद हाती देणं अन्यायाचं आहे. निर्णय: काठी, वॉकर किंवा दहा मीटरला साडेबारा सेकंदांहून जास्त वेळ लागणारी चाल असेल तर पावलांच्या आकड्याला लागूनच, त्याच आकाराच्या अक्षरांत, ही ओळ येईल: ‘तुम्ही याहून जास्त चालला आहात. आधार घेऊन किंवा सावकाश टाकलेली काही पावलं या यंत्राला मोजता येत नाहीत.’ तळटीप म्हणून नाही. तळटिपा वाचल्या जात नाहीत.

२० जानेवारी

कुठला दिवस धरायचा? जागेपणी किमान १० तास यंत्र अंगावर असेल तो दिवस ग्राह्य, आणि असे किमान ४ दिवस, त्यात सुट्टीचा एक. ही सर्वत्र वापरली जाणारी पद्धत आहे, संशोधनासाठी तीच ठेवली. अहवालासाठी मात्र ती जशीच्या तशी चालत नाही. नमुना म्हणून एक आठवडा स्वतः रचून पाहिला:

३२००, ४१००, २९००, ५६००, ३४००, १२००, ४३००.

बेरीज २४,७००, सात दिवसांची सरासरी साधारण ३५३०. आता समजा १२०० च्या दिवशी यंत्र पाचच तास अंगावर होतं. तो दिवस काढला की सहा दिवसांची सरासरी साधारण ३९२०. एका अर्धवट दिवसाने माणसाच्या रोजच्या पावलांतली जवळजवळ ४०० पावलं खाल्ली. आणि तो दिवस गुपचूप काढून टाकला तर सहभागी विचारणार, ‘शनिवार कुठे गेला?’ म्हणून दिवस दाखवायचा, त्या जागी ठिपक्यांची चौकट काढायची, आत लिहायचं: ‘यंत्र थोडाच वेळ लावलेलं होतं’. सरासरीत तो धरायचा नाही.

यंत्र काढून ठेवलं होतं की माणूस शांत बसला होता, हे ओळखणं ज्येष्ठांच्या बाबतीत विशेष अवघड. कंबरेच्या यंत्रासाठी एक जुना नियम सलग ६० मिनिटं शून्य आलं की ‘काढून ठेवलं’ धरतो. वाचत किंवा ऐकत बसलेला माणूस तासभर हलत नाही, मग त्याचं खरं बसणं गाळलं जातं आणि तो आहे त्याहून कमी बसणारा दिसतो. ९० मिनिटांचा नियम त्यापेक्षा बरा. आपल्याकडे दोन यंत्रं आहेत: दोन्ही एकाच वेळी निश्चल असतील तरच शंका घ्यायची, मग मनगटाच्या यंत्रातलं तापमान पाहायचं. अंगावरून उतरवलं की तापमानाची रेघ खोलीच्या दिशेने घसरते. त्यानंतरही शंका राहिली तर नोंदवही. नोंदवहीत फक्त चार रकाने: उठलो, काढलं, लावलं, झोपलो. जास्त रकाने दिले की तिसऱ्या दिवसापासून सगळेच रिकामे राहतात.

२३ जानेवारी

घड्याळ. यंत्र सुरू करताना वेळ संगणकाकडून घेतली जाते. संगणकात सकाळ-संध्याकाळ उलटं असेल तर सगळी नोंद १२ तास सरकते आणि माणूस रात्री अडीचला फिरताना दिसतो. ज्या देशांत वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे करतात तिथे त्या आठवड्यात एक तासाचा घोळ होतो.

उपाय: यंत्र सुरू केल्यावर टेबलावर तीनदा जोरात आपटायचं (हातात धरून, मऊ कापडावर) आणि भिंतीवरच्या घड्याळातली वेळ लिहून ठेवायची. परत आल्यावर तेच. दोन्ही ठिकाणचे तीन उंचवटे आलेखात सापडले आणि वेळ जुळली की पुढे जायचं.

यंत्र टपालाने जाणार-येणार असेल तर वाटेतली खडखडही नोंदली जाते. लावल्याच्या पहिल्या मध्यरात्रीपासून मोजायचं आणि शेवटच्या मध्यरात्री थांबायचं. सात पूर्ण दिवसांसाठी नोंद आठ-नऊ दिवस चालू ठेवावी लागते, त्यामुळे बॅटरी पूर्ण भरूनच द्यायची. कपाटात महिनाभर पडलेलं यंत्र ‘भरलेलं’ समजायचं नाही.

२८ जानेवारी

आजचा विषय ‘मध्यम श्रमाची मिनिटं’. हा आकडा सर्वांना हवासा वाटतो, कारण जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस त्याच भाषेत आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, आणि ६५ च्या पुढे त्यासोबत आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा मिश्र व्यायाम.

अडचण उंबरठ्याची. कंबरेच्या यंत्रात मध्यम श्रम मिनिटाला किती काउंटपासून धरायचे? एका प्रचलित मापाने १९५२, दुसऱ्याने २०२०, ज्येष्ठांसाठी सुचवलेल्या एका मापाने १०४१. तीच व्यक्ती, तोच आठवडा. मिनिटाला साधारण १५०० काउंट देणारं रोजचं अर्ध्या तासाचं फिरणं घ्या: १०४१ च्या मापाने आठवड्याला २१० मिनिटं, २०२० च्या मापाने शून्य. एका कागदावर शाबासकी, दुसऱ्यावर नापास. मनगटाला तर हे उंबरठे लागूच होत नाहीत, तिथली मोजपट्टीच वेगळी. आणि मांडीच्या यंत्रात ही मिनिटं पावलांच्या गतीवरून काढतात, तीही वयानुसार सैल-घट्ट करावी लागते.

दुसरी गोष्ट. १५० मिनिटांची शिफारस ज्या पुराव्यावर उभी आहे त्यातला मोठा भाग लोकांनी प्रश्नावलीत स्वतः सांगितलेल्या वेळेचा आहे. संवेदकाची मिनिटं त्या पट्टीला लावणं म्हणजे लिटरने मोजलेलं किलोच्या तराजूत घालणं.

निर्णय: श्रमाची मिनिटं अहवालात नाहीत. तीन गोष्टी पुरे: पावलं, उभं राहून आणि चालण्यात गेलेला वेळ, सलग बसण्याचा सर्वांत लांब टप्पा. दुसऱ्या पानावर श्रम ओळखायची खूण शब्दांत: चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, ते मध्यम श्रम. ही खूण यंत्राविना चालते आणि प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे आपोआप जुळते.

४ फेब्रुवारी

तुलना. ‘मी बाकीच्यांच्या मानाने कशी?’ हा प्रश्न सर्वजण विचारणार आणि त्यात गैर काही नाही. पण कोणाशी तुलना? व्यायाम-वर्गाच्या अभ्यासात नाव नोंदवणारे लोक मुळातच हिंडतेफिरते असतात. त्यांच्या सरासरीशी ताडून पाहिलं तर ठणठणीत माणूसही खाली दिसेल.

रोजच्या दहा हजार पावलांचा आकडा विचारला जाणारच. तो १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पाऊलमोजणीच्या यंत्राच्या नावातून पसरला: ‘मान्पो-केई’, दहा हजार पावलांचा मापक. वैद्यकीय मर्यादा म्हणून तो कोणी शोधलेला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात दिवसाला सुमारे २७०० पावलांच्या तुलनेत सुमारे ४४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं, आणि साधारण ७५०० च्या पुढे फायदा सपाट झाला. २०२२ च्या एकत्रित विश्लेषणात साठीपुढच्यांसाठी हा सपाट भाग ६००० ते ८००० च्या दरम्यान आला. म्हणजे खालच्या टोकाला थोडी भर पडली तरी फरक दिसतो. पण हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. आजारी माणूस कमी चालतो हाही त्यातला एक भाग. म्हणून कागदावर लक्ष्य छापायचं नाही. फोनवर विचारलं तर हे सांगायचं.

तुलना स्वतःशीच: पहिली मोजणी आणि दुसरी मोजणी, शेजारी शेजारी. रोजचा चढउतार एवढा असतो की दोन आठवड्यांतल्या दोन-तीनशे पावलांच्या फरकाला ‘वाढ’ किंवा ‘घट’ म्हणायचं नाही. तेव्हा ‘साधारण तेवढीच’ छापायचं.

११ फेब्रुवारी

कागदाचा पहिला मसुदा छापला आणि भिंतीला लावून वाचून पाहिला.

अक्षर १६ पॉइंट, मुख्य आकडे ३६. देवनागरीत मात्रा-रफारांमुळे ओळी एकमेकींना चिकटतात, म्हणून दोन ओळींमधलं अंतर दीडपट. आकडे देवनागरी की इंग्रजी, यावर दोन मतं होती. वाचणाऱ्याला ज्या आकड्यांची सवय आहे ते द्यायचे. नोंदणीच्या वेळी विचारून ठेवायचं. देवनागरी ५ आणि ६, तसेच १ आणि ९ बारीक छपाईत एकसारखे दिसू शकतात, त्यासाठी जाड टंक निवडला.

रंग: वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्या-हिरव्या-जांभळ्याच्या फिकट छटा एकमेकांत मिसळतात. पहिल्या मसुद्यात बसणं फिकट निळं आणि उभं राहणं फिकट हिरवं होतं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात दोन्ही एकच. आता एकच गडद रंग, दुसऱ्यासाठी तिरप्या रेघा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही वाचता आलं पाहिजे, कारण हा कागद मुलांना आणि डॉक्टरांना दाखवला जाणार. लाल कुठेच नाही. लाल म्हणजे धोका, आणि इथे धोक्याचं काही आपल्याला ठाऊक नाही. चकचकीत कागद उजेड परावर्तित करतो, तो बदलून चकाकी नसलेला पांढरा, चौरस मीटरला १०० ग्रॅमचा घेतला. त्याहून पातळ कागदावर पाठपोट छपाई पलीकडे उमटते.

वर्तुळाकार आलेख काढून टाकला. सात आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीच्या टोकाशी आकडा. अक्षावर आकडे नाहीत, बोट धरून मागे जायला लावायचं नाही. आकडे शंभराच्या पटीत: ३४१७ नव्हे, ३४००. शेवटच्या सतरा पावलांवर यंत्राचाही भरवसा नाही.

१३ फेब्रुवारी

शब्द. ‘निष्क्रिय वेळ’ काढला, ‘बसून गेलेला वेळ’ केला. ‘बैठी जीवनशैली’ काढली. ‘संवेदक’ हा शब्द आपल्या फाइलींपुरता. कागदावर ‘मांडीवर लावलेलं यंत्र’. ‘डेटा अपुरा’ ऐवजी ‘यंत्र थोडाच वेळ लावलेलं होतं’.

‘आपण’ की ‘तुम्ही’? आदराने ‘आपण रोज ३४०० पावले चाललात’ लिहिलं होतं. पण ‘आपण चालतो’ यात बोलणाराही येतो, आणि दोन-तीन वाक्यांनंतर हे कोणाबद्दल चाललंय ते धूसर होतं. सगळीकडे ‘तुम्ही’. आजी-आजोबा, काका-काकू काहीही नाही; नाव त्यांनी नोंदणीत लिहिलं तसंच, मागे श्री. किंवा श्रीमती त्यांनी निवडलेलं.

२० फेब्रुवारी

वाचून घेण्याची फेरी. अभ्यासात नसलेले, त्याच वयाचे वाचक. नमुना अहवाल हाती द्यायचा आणि ‘समजलं का’ विचारायचं नाही. त्यावर सर्वजण हो म्हणतात. विचारायचं: ‘हे घरी कोणाला सांगायचं झालं तर कसं सांगाल?’

यातून तीन दोष निघाले. पहिला, आणि सर्वांत मोठा: बसण्याच्या पट्ट्या आणि पावलांच्या पट्ट्या एकाखाली एक होत्या. लांब पट्टी म्हणजे चांगलं, हे पावलांवरून मनात बसतं, आणि मग लांब बसण्याकडे बोट दाखवून ‘हा दिवस चांगला गेला’ असं सांगितलं जातं. बसण्याच्या पट्ट्याच काढल्या. त्या जागी एक वाक्य: ‘सर्वांत जास्त वेळ सलग बसलात तो मंगळवारी: २ तास १० मिनिटं.’

दुसरा: ‘सरासरी’ चा अर्थ ‘साधारण, बेताचं’ असा घेतला गेला. ‘तुमची सरासरी ३९००’ म्हणजे ‘तुमचं चालणं बेताचं’. आता ‘एका दिवसाला साधारण ३९०० पावलं’.

तिसरा: कमी पट्टीच्या दिवसाबद्दल वाचक कारण सांगू लागले, पाऊस होता, दवाखान्यात गेलो होतो. ते कारण लिहायला प्रत्येक पट्टीशेजारी रिकामी रेघ ठेवली. ती त्यांच्यासाठीच आहे, परत मागायची नाही. दुसरी मोजणी होऊन गेल्यावर पहिला आठवडा आठवणार नाही, त्यामुळे नोंदवहीची झेरॉक्स प्रत अहवालासोबत जोडायची.

२७ फेब्रुवारी

झोप अहवालात नाही. त्वरण मोजणारं यंत्र निश्चल पडण्याला झोप समजतं. रात्री दोन तास डोळे उघडे ठेवून पडून असलेल्या माणसाला ‘७ तास झोप’ असा कागद देणं म्हणजे त्याच्या तक्रारीवर पाणी ओतणं. मांडीचं यंत्र तर त्याहून कमी सांगतं.

५ मार्च

काही गंभीर दिसलं तर? यादी लहान ठेवली, कारण हे निदानाचं यंत्र नाही. पडणं ओळखण्याचा दावा करायचा नाही. यंत्र परत आल्यावर आठवड्याभराने वाचलं जातं, मदतीचा त्यात काही उपयोग नाही. संमतीपत्रात ठळक: ‘हे यंत्र तुमच्यावर लक्ष ठेवत नाही. पडलात, छातीत दुखलं, तर नेहमीप्रमाणे लगेच मदत मागा.’ हे वाक्य यंत्र लावताना तोंडानेही सांगायचं. अंगावर काही लावलं की कोणीतरी पाहतंय असं वाटणं स्वाभाविक आहे.

दोन मोजण्यांत पावलं निम्म्याहून खाली आली असतील तर कागद पाठवण्याआधी फोन. आधी यंत्राची शंका घ्यायची: पाय बदलला का, वॉकर नव्याने आला का, दिवस किती ग्राह्य आहेत. मग सहभागीला विचारायचं. वैद्यकीय अर्थ फोन करणाऱ्याने लावायचा नाही. प्रकल्पाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी नोंद.

फोनवर मुलगा किंवा सून आली तर निकाल सांगायचा नाही, सहभागीशीच बोलायचं. स्मरणशक्ती क्षीण असलेल्यांसाठी ‘माझ्यासोबत कोण ऐकेल’ हे नाव नोंदणीतच लिहून घेतलेलं असावं.

सहभागीचं निधन झालं असेल तर कागद आपोआप जाता कामा नये. छपाईच्या आदल्या दिवशी यादी पडताळणं सक्तीचं केलं.

१२ मार्च

छपाईची साखळी पक्की केली. सर्वांत वाईट चूक म्हणजे एकाचा कागद दुसऱ्याच्या पाकिटात, म्हणून टप्पे मुद्दाम संथ आहेत.

यंत्राचा अनुक्रमांक तीन ठिकाणी: नोंदवहीवर हाताने, यंत्र देताना काढलेल्या फोटोत, फाइलच्या नावात. तिन्ही जुळल्याशिवाय अहवाल तयार होत नाही. एकाच घरातले दोघे सहभागी असतील तर यंत्रांची अदलाबदल ठरलेलीच समजा. त्यांना दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्या, आणि परत घेताना ‘तुमच्या मांडीवर कुठला रंग होता’ हा प्रश्न. दोघांच्या आलेखांतल्या उठण्याच्या वेळा नोंदवहीशी ताडून पाहायच्या, तिथे अदलाबदल लगेच उघडी पडते.

नाव आणि आकडे वेगवेगळ्या फाइलींत. जोडणी फक्त छपाईच्या संगणकावर, छपाई झाली की जोडलेली फाइल पुसायची. पाकीट बंद करण्याआधी दुसऱ्या माणसाने पाकिटावरचं नाव आणि आतलं नाव मोठ्याने वाचायचं. पाकिटाला खिडकी नाही. बाहेर अभ्यासाचं नावही नाही, फक्त परतीचा पत्ता.

१८ मार्च

पूर्वचाचणीच्या सहभागींसाठी अहवालांची पहिली तुकडी तयार झाली. यांना दुसरी मोजणी नाही, म्हणून आत्ताच देता येतात. स्वयंचलित मजकूर प्रत्येक कागदावर वाचून तपासला, आणि बरं झालं: एका अहवालात वॉकरची ओळ आली नव्हती. नोंदणीच्या अर्जात ‘आधार घेता का?’ याला उत्तर ‘नाही’ होतं. नोंदवहीच्या समासात मात्र लिहिलेलं: ‘बाहेर जाताना वॉकर’. घरात भिंत धरून चालणं आणि बाहेर वॉकर, याला बरेच जण ‘आधार’ म्हणतच नाहीत.

अर्जातला प्रश्न बदलला. आता तो तीन तुकड्यांत आहे: घरात चालताना हाताने काही धरता का (भिंत, खुर्ची, कोणाचा हात)? बाहेर जाताना काय नेता? पायऱ्या चढताना? तिन्हींपैकी कुठल्याही एकाला होकार असेल तर ती ओळ छापली जाते. आधीच भरलेल्या अर्जांसाठी फोन करून हेच तीन प्रश्न विचारायचे आहेत. तोवर उरलेली पाकिटं कपाटात.